वाचकांचे प्रश्न : जुन्या वर्कस्टेशनला नवा प्रोसेसर

गेल्या अंकात जुनी वर्कस्टेशन, म्हणजे ग्राफिक्स आणि डिझाइनसारख्या जड कामांसाठी बनवलेले संगणक, कशी जपावीत यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक एकच आहे: आतला प्रोसेसर बदलता येईल का? विषय माझ्या फार जवळचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईत एका व्हिडिओ स्टुडिओत याच यंत्रांची देखभाल माझ्याकडे होती, आणि त्यातली काही आजही ठाण्याला माझ्या घरी चालू आहेत. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा या पत्रांना.

प्रश्न : माझ्याकडे सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचं ओ२ हे वर्कस्टेशन आहे. अंधेरीतला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा भंगाराच्या भावात घेतलं. आत २०० मेगाहर्ट्झचा आर५००० प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम आहे. यात ६०० मेगाहर्ट्झचा आरएम७००० बसवता येतो असं वाचलं. खरं आहे का? यंत्र तिप्पट वेगवान होईल का? माझं सोल्डरिंग चांगलं आहे. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बसतो. हौशी लोकांनी तो बसवून वर्षानुवर्षं चालवलाही आहे. पण तुमच्याकडच्या मॉड्यूलवर, म्हणजे प्रोसेसर असलेल्या सुट्या छोट्या बोर्डावर, तो बसणार नाही, आणि यंत्र तिप्पट वेगवानही होणार नाही. दोन्हींची कारणं सविस्तर सांगते, कारण पुढच्या बऱ्याच पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

ओ२ बाजारात आलं ऑक्टोबर १९९६ मध्ये. त्यात दोन घराण्यांचे प्रोसेसर येत. एक आर५००० चं घराणं, म्हणजे १८० आणि २०० मेगाहर्ट्झचे मूळ आर५०००, मग ३०० चा आरएम५२०० आणि शेवटी ३५० चा आरएम७०००. दुसरं आर१०००० आणि आर१२००० चं, १५० पासून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत. पहिल्या घराण्यातल्या चिप क्वांटम इफेक्ट डिव्हायसेस या छोट्या कंपनीने आखलेल्या. ही कंपनी २००० साली पीएमसी-सिएराने घेतली आणि आरएम७००० ची सुधारणा चालू ठेवली, पण वर्कस्टेशनसाठी नव्हे, तर नेटवर्कच्या उपकरणांसाठी आणि प्रिंटरसाठी. म्हणजे ओ२ च्या प्रोसेसरची पुढची पिढी तयार होत होती, फक्त ती ओ२ मध्ये जात नव्हती. हौशी मंडळींनी नेमकं हेच हेरलं. ६०० मेगाहर्ट्झच्या चिपच्या पायांची मांडणी ३०० च्या मॉड्यूलवरच्या चिपशी जुळते. तुमच्या २०० च्या मॉड्यूलवरची चिप मात्र वेगळ्या बांधणीची आहे, तिच्या जागी ही बसणारच नाही. तेव्हा पहिलं काम, ३०० किंवा ३५० चं मॉड्यूल शोधणं.

आता, पाय जुळले म्हणजे काम झालं असं नाही. या घराण्यातली चिप रीसेटमधून बाहेर पडताना काय करते ते बघा. एकही सूचना वाचण्याआधी ती एका छोट्या सिरीयल मेमरीतून एकापाठोपाठ एक असे २५६ बिट आत घेते. बसच्या (प्रोसेसर आणि बाकीच्या भागांमधल्या तारांच्या वाटेच्या) घड्याळाला कितीने गुणायचं, बाइटांचा क्रम कुठला, बाहेर सिग्नल किती जोराने ढकलायचे, हे सगळं त्या बिटांत असतं. ६०० ची चिप लावली आणि हे बिट ३०० चेच राहिले, तर चिप ३०० नेच धावेल. नाहीतर नव्या चिपला त्या बिटांचा अर्थच वेगळा लागेल आणि पडद्यावर काहीच येणार नाही. डेटाशीटमधलं या बिटांचं कोष्टक छापून समोर ठेवा, एकेक ओळ जुन्या चिपच्या कोष्टकाशी ताडून बघा. या कामात घाई करणारा माणूस नंतर महिनोन् महिने सोल्डरिंगला दोष देत बसतो.

बिट वाचून झाले की चिप ०xबीएफसी००००० या पत्त्यावर जाते आणि तिथून पहिली सूचना उचलते. तिथे असतो बूट प्रॉम, म्हणजे यंत्र सुरू करणारा कायमचा साठवलेला प्रोग्राम. प्रॉम चिपला तिची ओळख विचारतो. या सगळ्या चिप मिप्स नावाच्या रचनेच्या, आणि प्रत्येक मिप्स चिपमध्ये ओळख क्रमांकाचं एक रजिस्टर असतं: आर५००० चा क्रमांक हेक्साडेसिमल (सोळा पायाच्या) पद्धतीत २३, आरएम७००० चा २७. प्रॉमला तो क्रमांक माहीत असेल तरच कॅशे (प्रोसेसरजवळची छोटी, जलद मेमरी) कसा साफ करायचा, किती मोठा धरायचा, हे त्याला ठरवता येतं. ६०० चा प्रयोग जमला त्याचं खरं कारण इथे आहे. सिलिकॉन ग्राफिक्सने स्वतः ३५० चा आरएम७००० विकला होता, त्यामुळे नंतरच्या प्रॉमला आणि आयरिक्स या त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमला हा २७ क्रमांक आधीपासून माहीत होता. प्रोसेसर बदलण्याचा कुठलाही बेत आखताना मी मेगाहर्ट्झच्या आधी हा प्रश्न विचारते: बनवणाऱ्याने या घराण्याची ओळख यंत्राला करून दिली आहे का? उत्तर 'हो' असेल तर काम कष्टाचं आहे, पण होण्यासारखं आहे. 'नाही' असेल तर तुम्हाला प्रॉम उकलून बदलावा लागेल, आणि तो वेगळाच छंद आहे.

यावरून निघणारी एक व्यवहाराची गोष्ट: प्रॉम आणि आयरिक्स दोन्ही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच नवे करून घ्या. ओ२ चा प्रॉम फ्लॅशमध्ये, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरीत आहे, तो चालू यंत्रावरच बदलता येतो. जुनी चिप काढल्यावर नवी चिप न ओळखणारा प्रॉम हाती राहिला तर यंत्र सुरूच होणार नाही, मग बदलणार कुठून? आयरिक्सची शेवटची आवृत्ती ६.५.३०, ऑगस्ट २००६ ची. ती मिळाली तर उत्तम.

तिसरी बाब व्होल्टेज. नंतरच्या आरएम७००० चा गाभा जुन्या चिपपेक्षा कमी व्होल्टेजवर चालतो. मॉड्यूलवरच्या रेग्युलेटरचं व्होल्टेज आधी बदला, चिप न लावता मीटरने मोजा, आणि मगच पुढे जा. इथे दुसरी संधी नसते.

आता वेगाबद्दल. प्रोसेसर ६०० चा झाला तरी मेमरीकडे जाणारा रस्ता तोच राहतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कितीही वेगाने आलात तरी खंडाळ्याच्या घाटात सगळ्यांबरोबर थांबावं लागतं, तसंच हे. ओ२ मध्ये प्रोसेसर, चित्रं आणि व्हिडिओ सगळे एकच मेमरी वापरतात, त्यामुळे घाटात गर्दीही जास्त. शिवाय आर५००० मध्ये पहिल्या पातळीचे कॅशे ३२-३२ केबीचे होते, आरएम७००० मध्ये ते १६-१६ केबीचे आहेत. त्याच्या बदल्यात चिपच्या पोटातच २५६ केबीचा दुसऱ्या पातळीचा कॅशे मिळतो आणि मॉड्यूलवरचा १ एमबी तिसऱ्या पातळीवर जातो. काम त्या २५६ केबीत मावलं तर वेग खरोखर चकित करतो. मावलं नाही तर फरक जाणवतो, एवढंच.

ओ२ मध्ये मात्र एक खास गोष्ट आहे, आणि तिच्यामुळेच मला या यंत्रात हा बदल करावासा वाटतो. त्रिमिती चित्रातलं शिरोबिंदूंचं (आकार घडवणाऱ्या त्रिकोणांच्या कोपऱ्यांचं) सगळं गणित या यंत्रात प्रोसेसरच करतो. वेगळी ग्राफिक्स चिप फक्त त्रिकोण भरते आणि त्यांवर टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचं चित्र, चढवते. त्यामुळे प्रोसेसर बदलला की गुंतागुंतीचं मॉडेल पडद्यावर फिरवताना फरक थेट डोळ्यांना दिसतो. उलट, मोठमोठ्या टेक्स्चरने पडदा भरायचा असेल तर काहीच बदलणार नाही, कारण ते काम प्रोसेसरकडे नाहीच.

'मग सरळ आर१२००० चं मॉड्यूल का लावू नये?' असं तुम्ही विचाराल. लावावं, दशांशांचं जड गणित करायचं असेल तर ते जास्त बरं. पण त्याचा हीटसिंक एवढा उंच आहे की दुसऱ्या हार्डडिस्कची जागा जाते. शिवाय ही चिप सूचना आपल्या अंदाजाने आधीच चालवून ठेवते, आणि ओ२ मध्ये इनपुट-आउटपुट आणि कॅशे यांचा मेळ हार्डवेअर ठेवत नाही. आयरिक्सने ही अडचण सांभाळून घेतली, लिनक्सने नाही. तेव्हा लिनक्स चालवायचं असेल तर आर५००० च्या घराण्यातच राहा.

माझं मत विचाराल तर आधी रॅम वाढवा. आठ खाचा आहेत, १ जीबीपर्यंत जाते. मग ३०० चं मॉड्यूल मिळवून जसंच्या तसं वापरा. दुसरं ३०० चं मॉड्यूल हाती आलं तरच त्यावर ६०० चा प्रयोग करा. आणि यंत्र उघडताना बाहेरच्या निळ्या प्लास्टिकला जपा. इतक्या वर्षांनी ते ठिसूळ झालंय, पुढचं झाकण ओढलं की आतले हुक तुटतात आणि ते पुन्हा मिळत नाहीत.

प्रश्न : आमच्या गल्लीत लॅपटॉप आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ते बीजीए, म्हणजे खाली सोल्डरचे गोळे असलेल्या, चिप काढतात-बसवतात. वर्कस्टेशनच्या प्रोसेसरचं काम त्यांच्याकडे द्यावं का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : द्यावं. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांतल्या पोरांचा हात फार तयार असतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जी माणसं दिवसाकाठी ढीगभर लॅपटॉप बोर्ड हातावेगळे करतात, त्यांच्याइतका सराव घरी बसून हौशी माणसाला होत नाही. पण मोबाइलचा बोर्ड आणि हे मॉड्यूल यांत फरक आहे, तो दुकानदाराला आधी समजावून सांगावा लागेल.

हे मॉड्यूल जाड आणि बऱ्याच थरांचं असतं. आतल्या तांब्याच्या थरांत उष्णता पसरत जाते. वरून फक्त हॉट एअर मारत राहिलं तर चिपची वरची बाजू भाजते आणि खालचे गोळे वितळतच नाहीत. मग कारागीर तापमान वाढवतो, आणि बोर्डाला पोपडा धरतो. म्हणून खालून तापवणारा प्रीहीटर हवाच, आणि बोर्डावर चिपच्या अगदी जवळ चिकटवलेली तापमान मोजणारी तारही (थर्मोकपल). यंत्राच्या पडद्यावरचा आकडा हा यंत्राचा असतो, तुमच्या बोर्डाचा नव्हे.

शिशाचा प्रश्नही विचारा. १९९६ ते २००० मधल्या बोर्डावर शिसेयुक्त सोल्डर आहे, ते १८३ अंशांना वितळतं. तुम्ही विकत घेतलेली चिप नंतरच्या काळातली असेल तर तिचे गोळे शिसेविरहित असू शकतात, त्यांना २१७ अंशांच्या पुढे जावं लागतं. दोन्ही तसेच एकमेकांवर ठेवले तर सांधा धड इकडचा ना तिकडचा होतो. चिपचे जुने गोळे काढून स्टेन्सिलने शिसेयुक्त गोळे बसवून घ्या. रीबॉलिंग म्हटलं की दुकानदाराला नेमकं कळतं.

पावसाळ्यात हे काम काढणार असाल तर चिप आधी भाजून घ्या. भाजणं म्हणजे १२५ अंशांना काही तास सुकवणं, किती तास ते चिपच्या जाडीवर ठरतं. उघड्या पाकिटातली चिप आपल्याकडची जुलै महिन्याची हवा शोषून घेते, आणि सोल्डर करताना त्या ओलाव्याची एकदम वाफ होऊन चिपचे थर सुटतात. बाहेरून काही दिसत नाही. यंत्र कधी चालतं, कधी नाही, आणि माणूस वेडा व्हायची वेळ येते. नाशिकला हवा कोरडी असली तरी चिप कुठल्या गोदामातून आली हे तुम्हाला ठाऊक नसतं. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका. एक तर त्याचं तापमान स्थिर राहत नाही, आणि ज्यात शिशाच्या वस्तू तापवल्या त्यात पुन्हा अन्न ठेवता येत नाही.

आणि हो, चिप खरी आहे का ते बघा. कमी वेगाच्या चिपवरचा छाप घासून त्यावर जास्त वेगाचा आकडा छापलेला माल बाजारात भरपूर फिरतो. कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन कोपऱ्यात हलकेच पुसा. काळा रंग कापसाला लागला तर व्यवहार तिथेच थांबवा. अक्षरांच्या आसपास एका दिशेने गेलेले बारीक ओरखडे भिंगातून दिसले तरीही.

प्रश्न : निवृत्तीनंतर माझं जुनं सन कंपनीचं स्पार्कस्टेशन २० माळ्यावरून काढलं. १९९५ पासून आमच्या कंपनीत त्यावर डिझाइनचं काम चालायचं. त्यात ५० मेगाहर्ट्झचं एकच मॉड्यूल आहे. दुसरं घालता येईल म्हणतात. सुरू केल्यावर मात्र 'आयडीप्रॉम'बद्दल तक्रार करतं आणि नेटवर्क चालत नाही. प्रोसेसर बिघडला असेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : प्रोसेसर ठणठणीत असणार. तो संदेश एका बॅटरीचा आहे. सनच्या या यंत्रांत एम४८टी०८ नावाची एक जाडसर चिप असते. तिच्यात घड्याळ, थोडी मेमरी आणि वर इपॉक्सीत पुरलेली बॅटरी असं सगळं एकत्र आहे. यंत्राचा होस्ट क्रमांक आणि नेटवर्कचा पत्ता या मेमरीत राहतो. बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं. नवी चिप मिळाली तर ती खोबणीत बसवा. नाही मिळाली तर जुन्याच चिपचं इपॉक्सी जपून घासून, आतल्या बॅटरीची तार तोडून, बाहेरून ३ व्होल्टचा नाणेसेल जोडतात. नंतर 'ओके' प्रॉम्प्टवर, म्हणजे यंत्र पूर्ण सुरू होण्याआधी आज्ञा घेतं तिथे, एमकेपी (mkp) आज्ञेने पत्ता पुन्हा भरायचा. सनचे पत्ते ०८:००:२० ने सुरू होतात. बाकीचे आकडे तुमच्याकडच्या कुठल्या जुन्या कागदावर किंवा स्टिकरवर असतील तर आत्ताच वहीत उतरवून ठेवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. प्रोसेसर बदलण्यासाठी याच्याइतकं सोयीचं जुनं वर्कस्टेशन माझ्या माहितीत नाही, कारण सनने प्रोसेसर मुळातच एमबस नावाच्या खाचांत बसवला. खाचा दोन आहेत, सोल्डरिंग काही नाही. तुमच्याकडे एसएम५० नावाचं मॉड्यूल असेल तर त्याला बाहेरचा कॅशे नाही. एसएम५१ असेल तर १ एमबी कॅशे आहे, आणि हा फरक घड्याळाच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. ६० मेगाहर्ट्झचा एसएम६१ आणि ७५ मेगाहर्ट्झचा एसएम७१ हे त्याच्या पुढचे. माझा सल्ला, एकसारखी दोन एसएम७१ शोधा. आहे त्या एसएम५० च्या शेजारी एसएम७१ खोचू नका. रॉस कंपनीची हायपरस्पार्क मॉड्यूल याहून वेगवान आहेत, पण ती या एसएम मॉड्यूलमधल्या सुपरस्पार्क चिपबरोबर मिसळत नाहीत, त्यांना नवा बूट प्रॉम लागतो आणि ती भयंकर तापतात. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात पिझ्झाच्या खोक्याएवढ्या त्या बंद डब्यात दोन खाचांत मिळून चार-चार हायपरस्पार्क प्रोसेसर (एका मॉड्यूलवर दोन) कोंबणं मला पटत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून सोलारिस ९ पर्यंतच जाता येईल, सोलारिस १० ने या ३२ बिटी यंत्रांचा आधार काढून घेतला. नेटबीएसडी ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम मात्र अजून चालते.

तुम्ही पुण्याचे म्हणून मुद्दाम सांगते. गणेशखिंडीच्या सी-डॅकने बांधलेल्या परम ९००० मालिकेतल्या ९०००एसएस या महासंगणकात सुपरस्पार्कच होते, म्हणजे तुमच्या माळ्यावरच्या यंत्राचंच घराणं. त्याआधीच्या १९९१ च्या परम ८००० मध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. तुमच्या यंत्रात दुसरा प्रोसेसर घालून एकच गणित दोघांत वाटून दिलंत, तर त्या काळात आपल्या गावात कशासाठी एवढा खटाटोप चालला होता ते टेबलावर बसून समजून घेता येईल.

प्रश्न : राग मानू नका. पण तुमच्या त्या ६०० मेगाहर्ट्झच्या ओ२ पेक्षा माझा रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक कितीतरी वेगवान आहे. शिवाय आयरिक्स आता एमुलेटरवरही (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवरही) चालतं. मग इतका वेळ आणि पैसा का घालवायचा? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : राग नाही. तुमचं म्हणणं शब्दशः खरं आहे. मेम या एमुलेटरवर सिलिकॉन ग्राफिक्सचं इंडी हे वर्कस्टेशन उभं राहतं, आयरिक्स सुरू होतं, आणि ज्याला फक्त तो डेस्कटॉप पुन्हा बघायचा आहे त्याला मीही तेच सुचवते.

पण एमुलेटर लिहिणाऱ्याला खऱ्या यंत्राकडून काय हवं असतं, ते बघा. अमुक चिपला अमुक आज्ञा दिली तर ती नेमकं काय करते, किती वेळ घेते, चुकीचा बिट दिला तर काय होतं? हे कागदावर पुरतं लिहिलेलं नाही. ते चालू यंत्रावर मोजावं लागतं, आणि यंत्र चालू ठेवणारी माणसं म्हणजे हीच हौशी मंडळी. प्रोसेसर बदलणारा माणूस प्रॉम उकलतो, बिटांचे अर्थ लावतो, बसचे सिग्नल ऑसिलोस्कोपवर बघतो, आणि हे सगळं लिहून ठेवतो. सिलिकॉन ग्राफिक्सने २००६ च्या डिसेंबरात मिप्स यंत्रं बनवणं थांबवलं, २००९ मध्ये कंपनीच विकली गेली. त्यानंतर या यंत्रांबद्दल जे नवं ज्ञान तयार झालं ते अशाच लोकांनी केलं. मला हे महत्त्वाचं वाटतं, मनापासून वाटतं.

आणि तुमच्या रास्पबेरी पायवर चित्रं काढण्यासाठी जे ओपनजीएल ईएस चालतं, त्याचं मूळ सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिस जीएलमध्ये आहे. १९९२ मध्ये ते ओपनजीएल म्हणून सगळ्यांसाठी खुलं झालं. लिनक्स सर्व्हरवर सर्रास दिसणारी एक्सएफएस ही फाइल सिस्टिमही आयरिक्समधूनच आलेली. तुम्ही रोज वापरता ती गोष्ट जिथे जन्मली ते यंत्र चालू अवस्थेत बघावंसं वाटणं, यात वेळ वाया गेला असं मला कधी वाटलं नाही. पैशाचा मुद्दा मात्र मान्य. लिलावात भाव चढवत नेणाऱ्यांमुळे खऱ्या शिकणाऱ्यांची पंचाईत होते.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. मला मामाने एक जुनं वर्कस्टेशन दिलंय. बोर्डावर चार पायांचा चौकोनी धातूचा ऑसिलेटर (घड्याळाचे ठोके देणारा भाग) आहे. तो काढून जास्त मेगाहर्ट्झचा लावला तर प्रोसेसर आपोआप वेगाने चालेल ना? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : अरे, चालेल, पण त्याच्याबरोबर आणखी काय काय वेगाने पळायला लागेल ते आधी शोध. एकाच घड्याळावर प्रोसेसर, बस आणि मेमरीचा कंट्रोलर असे तिघंही चालत असतील तर मेमरीला उत्तर द्यायला वेळ कमी पडतो. मग यंत्र सुरू होतं, छान चालतं, आणि एखाद्या फाइलमधला एक बिट चुपचाप उलटतो. हे बंद पडण्यापेक्षा वाईट.

करायचंच असेल तर असं कर. जुना ऑसिलेटर काढून त्या जागी सॉकेट लाव, म्हणजे परत फिरता येतं. एकदम मोठी उडी नको, पुढच्या मोजमापाचा ऑसिलेटर लावून रात्रभर मेमरीची चाचणी चालव. हीटसिंकला बोट लावून अंदाज घेऊ नकोस, थर्मामीटर वापर. आणि हार्डडिस्कवर मामाचं काही असेल तर सगळ्यात आधी त्याची प्रत काढ. वीजपुरवठ्याचा डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देतात.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, आता सॅन होजेला राहते. इथे जुन्या सामानाच्या विक्रीत सिंगल आर१०००० चं, सिलिकॉन ग्राफिक्सचंच ऑक्टेन हे वर्कस्टेशन मिळालं. ड्युअल आर१२००० चं मॉड्यूल घ्यायचा विचार आहे. काय सांभाळू? — एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : ज्या गावात ही यंत्रं बनली त्याच्या शेजारीच राहता, तेव्हा सुटे भाग मिळण्याच्या बाबतीत तुमची चैन आहे. ऑक्टेनमध्ये सगळ्यात नाजूक वस्तू प्रोसेसर नसून कॉम्प्रेशन कनेक्टर (दाबून जोडले जाणारे सांधे) आहेत. मॉड्यूल बाहेर ओढलं की सोनेरी केसांच्या गुच्छांसारखी बारीक टोकं दिसतील. त्यांना बोट लावू नका, कापसाने पुसू नका, फुंकरही मारू नका. मॉड्यूल काढल्या काढल्या त्यांवर प्लास्टिकची टोपी चढवा. यंत्राबरोबर टोप्या आल्या नसतील तर मॉड्यूल काढण्याआधी त्या मिळवा. एक केस वाकला तरी यंत्र सुरू होताना विचित्र चुका दाखवतं, आणि तो सरळ करणं जवळजवळ अशक्य असतं.

नवं मॉड्यूल खरेदी करण्याआधी तुमच्या बोर्डाचा भाग क्रमांक आणि प्रॉमची आवृत्ती विक्रेत्याला कळवा, तो प्रोसेसर कोणत्या बोर्डातून काढला ते विचारा, आणि तुमचा वीजपुरवठा त्याला पुरेल का हेही पक्कं करा. जुनं सिंगल मॉड्यूल विकून टाकू नका. पुढे कधी यंत्र उठलं नाही तर दोष कुठे आहे हे ठरवायला त्याचाच उपयोग होईल.

सगळ्याच वाचकांना विनंती: पत्राबरोबर एच-आय-एन-व्ही (hinv) या आज्ञेने दिसणारी यंत्रातल्या भागांची पूर्ण यादी पाठवा, सनचं यंत्र असेल तर 'ओके' प्रॉम्प्टवरचा बॅनर. यंत्र पूर्ण सुरू होत नसलं तरी सिलिकॉन ग्राफिक्सवर सुरुवातीलाच एस्केप दाबून कमांड मॉनिटरमध्ये ही यादी मिळते. 'चिप रिव्हिजन' आणि 'प्रॉम व्हर्जन' या ओळी गाळू नका. पुढच्या अंकात वीजपुरवठ्यांवरची पत्रं घेणार आहे.